बोलून झाल्यावरचा वेळ

दुपारची जेवणं आटोपली की लराश या बंदराच्या गावावर समुद्राकडून धुकं चढतं. आधी बंदरातल्या बोटी जातात, मग चौकातली खजुराची झाडं, मग समोरची गच्ची. दुकानांची दारं ओढलेली असतात, मांजरं जाळ्यांच्या ढिगावर अंगाचं मुटकुळं करून पडलेली असतात, आणि मुफद्दल आपल्या वरच्या खोलीत गादीवर आडवा, छातीवर फोन. फोनमधून त्याची आई बोलत असते. लल्ला रहीमो. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण या वेळी बोलायला तिला कुणाची बंदी नाही.

आणि बोलते तरी काय? काही नाही हो. सार्डिन मासे स्वस्त झालेत. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. शेजारच्या फत्तूमाच्या सुनेला मुलगी झाली, तर त्या बयेनं तोंड वाकडं केलं, मी चांगलं सुनावलं तिला. बरं, जेव वेळेवर. इथे बोलणं संपतं, पण तिने तेव्हा पाठवलेला आवाजी निरोप संपत नाही. पुढे काही क्षण नुसतं घर ऐकू येतं. तिच्या बांगड्या, नळाची टिपटिप, खालच्या गल्लीतून जाणारं कुणीतरी, तिचा श्वास. मुफद्दलची पक्की समजूत अशी, की आई बंद करायचं बटण शोधते आहे आणि चष्मा नेहमीसारखा कुठेतरी विसरली आहे. तेवढ्या वेळात तो डोळे मिटायचा. मग कधी स्वयंपाकघराची फरशी पायाखाली गार लागायची, कधी पुदिन्याचा वास यायचा. ऐकणं कुठे संपलं आणि स्वप्न कुठे लागलं, हे त्याचं त्यालाच कळायचं नाही.

तसा माणूस साधा. आधी टँजिअरला एका जहाजवाल्यांच्या कचेरीत प्रोग्राम लिहायचा. आई इकडे, हा तिकडे. ती दिवसभर निरोप पाठवायची, हा संध्याकाळी बसमध्ये ते दुप्पट वेगाने ऐकून टाकायचा आणि लिहायचा, 'हो आई, जेवलो.' एका हिवाळ्यात ती गेली. मग हा परत आला, काम घरी आणलं, आणि राहिला. लग्न जमलं नाही आणि जमवायच्या भानगडीत तो पडलाही नाही. खालच्या मजल्यावर थोरली बहीण शामा, तिचा नवरा बोटीवर. जेवायला तिच्याकडे, बोलणी खायलाही तिच्याचकडे.

आता सदफची गोष्ट सांगायला हवी. सदफ म्हणजे आवाज जपून ठेवायचं ॲप. ते कुठल्या कंपनीचं नाही. जगभरच्या रिकामटेकड्या म्हणा, मोठ्या मनाच्या म्हणा, अशा लोकांनी मिळून लिहिलेलं. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही त्यात बदल करून पाठवावा. राखणदार मंडळी तो तपासतात आणि पटला तर सगळ्यांसाठी घेतात. फुकटचं, पण गुणाचं. खोड एकच. बोलणं संपल्यावरची शांतता ते कापून टाकायचं, जागा वाचते म्हणे. मुफद्दलने पहिल्यांदा त्यात आईचा निरोप घालून लावला, तर 'जेव वेळेवर' म्हटल्याबरोबर खट्कन आई गेली. ती दुसऱ्यांदा गेली असंच त्याला वाटलं. 

मग त्याने कोड उघडला, कापणारी जागा शोधली आणि एक छोटी सोय केली, ज्याला नको असेल त्याने कापणं बंद करावं. बदल पाठवला. वर नाव लिहिलं, 'शांतता कापणे बंद करण्याची सोय.' खाली कारण लिहायला जागा होती ती रिकामी सोडली. ब्राझीलच्या एका राखणदाराने विचारलं, "पण शांतता हवी कुणाला असते?" यानं उत्तर दिलं, "असते काही जणांना." झालं. पुढे कुणीच बोललं नाही. बदल रांगेत पडून राहिला, आणि त्याच्या उरावर दुसरे शेकडो येऊन बसले. 'दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती', 'आता तरी चालेल', असली एकेकाची नावं. कुणाचा बदल कुणाकडे अडकलाय आणि मुळात केला कशासाठी, हे देवालाही सांगता आलं नसतं.

मुफद्दलचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. त्याने आपल्यापुरती सदफची वेगळी प्रत करून घेतली. नवी आवृत्ती आली की आपला बदल तिच्यात पुन्हा बसवायचा, की दुपार आपली. वर्षं अशी धुक्यात गेली. मूळ निरोप ज्या फोनवर होते तो फोन मेला, निरोप तेवढे सदफच्या पोटात राहिले.

मग केर्तू आली. एस्टोनियाची बाई, तिकडे रेडिओत आवाज साफ करायचं काम करायची. रांग सांभाळायचं तिने अंगावर घेतलं आणि जाहीर केलं, की इथल्या प्रत्येक बदलाने आता तोंड उघडायचं. काय बदललं, कशासाठी, कुणाला लागतं आणि तपासायचं कसं, हे सगळं लिहायचं. प्रत्येकापुढे तो सध्या कुणाच्या हातात आहे तेही दिसणार, म्हणजे कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. जो महिनाअखेर मुकाच राहील तो बंद. शिवाय नव्या आवृत्तीत सगळं आतून नव्याने बांधत होते. जुने निरोप तिच्यात जाताना एकदाच कापले जाणार, ते कायमचे. मुफद्दलचा बदल बाहेरून बसवायला आता जागाच नव्हती, आणि त्याची जुनी प्रत पुढच्या फोनवर चालणार नव्हती. हातातल्या फोनच्या बॅटरीचं पोट तर आत्ताच फुगलं होतं. म्हणजे बदल महिनाअखेरच्या आत घेतला गेला तर आई पुरती राहणार, नाहीतर 'जेव वेळेवर' आणि खट्कन.

शामा बिसाऱ्याचं, म्हणजे दाट डाळीच्या साराचं, भांडं घेऊन वर आली तेव्हा हा पडद्याकडे बघत बसला होता.

"काय रे, कुणी मारलं का?"

"कारण विचारतायत. तो बदल मी का केला त्याचं."

"मग सांग की."

"काय सांगू? मी एवढा घोडा रोज दुपारी आईचा श्वास ऐकत झोपतो, असं लिहू? जगभरचे लोक वाचतात ते."

"झोपतोस तर झोपतोस, लाज कसली त्यात?" शामाने भांडं त्याच्या कागदांवरच टेकवलं. "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनी तऱ्हा. लहानपणी भूक लागली तरी सांगायचा नाहीस, नुसता चुलीपाशी येऊन उभा राहायचास. आई ओळखायची. ती बाई काय तुझी आई आहे?"

 त्याने बिसारा खाल्ला, तेल जास्त झालंय अशी कुरकुर केली, आणि ती गेल्यावर लिहिलं, 'काही वापरणाऱ्यांना शेवटची शांतता महत्त्वाची वाटू शकते.'

केर्तूचं उत्तर आलं. इंग्रजी दोघांच्याही घरची भाषा नव्हती, त्यामुळे दोघंही साधंच लिहायचे. "कुणाला? एक उदाहरण द्या. आणि ज्यावर तपासता येईल असा एक आवाज जोडा."

बोलणाऱ्याचे एरंड विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही गोष्ट मुफद्दलला कुणी चाळीस वर्षं शिकवू शकलं नव्हतं. ती या न पाहिलेल्या बाईने दोन ओळींत शिकवली. दोन दुपारी त्याने नुसत्याच घालवल्या. तिसऱ्या दुपारी धुकं खिडकीपर्यंत आलं, समोरचं काहीच दिसेना, आणि कुणी आपल्याला बघत नाहीये असं वाटून त्याने एका दमात लिहून टाकलं. 'माझी आई गेली. तिच्या निरोपांच्या शेवटी ती काही बोलत नाही, बंद करायचं बटण शोधते. तेवढ्या वेळात आमचं घर ऐकू येतं. ते मला हवं आहे.' खाली एक निरोप जोडला, जिन्यातल्या दिव्याचा. पाठवल्यावर आईला एकटीला परगावच्या बसमध्ये बसवून दिल्यासारखं वाटलं.

बदलापुढे आता दिसत होतं, 'तपासणाऱ्याकडे, केर्तू.' दोन दिवस तेच दिसत राहिलं. दुपारी त्याला स्वप्न पडलं. बर्फाच्या गावात एका लाकडी खोलीत आई खुर्चीच्या कडेवर बसली आहे, मांडीवर पाकीट. समोरची गोरी बाई तिला चहा देते आहे आणि आई एक घोट घेऊन म्हणते आहे, साखर घाल गं जरा, पाहुणी आहे मी. जाग आली तेव्हा त्याला हसू येत होतं.

उत्तर आलं ते असं.

"बदल बरोबर चालतो. पण वर्णन चुकलं आहे. तुम्ही लिहिलंय की शेवटी ती काही बोलत नाही. ती बोलते, फार हळू. मला तुमची भाषा येत नाही, पण आवाजाच्या रेषेवर ते स्पष्ट दिसतं. नळ आणि बाहेरचा आवाज कमी करून, बाकीचं वाढवून सोबत जोडलं आहे. ऐका आणि वर्णन दुरुस्त करा, म्हणजे घेता येईल."

मुफद्दलला वाटलं, बाई काहीतरी घोटाळा करते आहे. हजारदा ऐकलेला निरोप, त्यात आता नवीन काय निघणार? तरी त्याने हेडफोन लावले. एरवी तो छातीवरच्या फोनमधून ऐकायचा, अर्धं लक्ष झोपेकडे. आई म्हणाली, जेव वेळेवर. बांगड्या वाजल्या. मग, अगदी कानाशी, "मुफद्दल?"

नंतर नुसता श्वास. नळ नाही, गल्ली नाही.

"ऐकतोयस ना?"

पुन्हा श्वास, खूप वेळ.

"बरं. कामात असशील. ठेवते मग."

तो तसाच अनवाणी खाली गेला. शामा मोरीपाशी मासे साफ करत होती. त्याने हेडफोन तिच्या कानाला लावले. तिने ऐकलं, मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले.

"हो. मग?"

"ती बटण शोधायची ना?"

"बटण? बटण तिला बरोबर सापडायचं. बोलून झालं की फोन कानाला लावून बसायची, तू काय म्हणतोस ते ऐकायला. मी शंभरदा सांगितलं, अगं आई, हा निरोप आहे, तो मागाहून ऐकेल. तर मलाच म्हणायची, तुला काय कळतंय, आहे तो तिकडे, मला त्याचा श्वास ऐकू येतोय." शामाने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याला ती बस आठवली, दुप्पट वेगाने पळणारा आईचा आवाज आठवला, आणि रडू आलं. ते त्याने लपवलं नाही. शामाने मासे तसेच टाकले आणि ओल्या हातानेच त्याला जवळ घेतलं. मासळीचा वास लागला म्हणून तो कुरकुरला नाही.

मग वर जाऊन त्याने वर्णन उघडलं. जुनं सगळं पुसलं. काय बदललं, कुणाला लागतं, तपासायचं कसं, हे पटापट लिहून झालं. 'कशासाठी' पुढे तो थोडा थांबला आणि मग लिहिलं, 'बोलून झाल्यावर माझी आई माझ्या उत्तराची वाट बघते. मी ते कधीच दिलं नाही. तेवढा वेळ तिचा आहे, तो कापू नये.'

केर्तूने त्याच संध्याकाळी बदल घेतला. खाली तिने एवढंच लिहिलं होतं, "आता वर्णन बरोबर आहे."