करवंदीतली वाट

आमच्या आत्याच्या हाताला करवंदीचा काटा कधी लागला नाही. आम्ही एका करवंदासाठी कोपरापर्यंत ओरबाडून घ्यायचो. ती बोलता बोलता जाळीत हात घालायची आणि लोणच्यासाठी ओंजळभर हिरवी करवंदं काढून आणायची. "काट्यासंग भांडाचं नाही," म्हणायची. "तो बसला हाय तिथंच बसन. आपणच हात वळवाचा."

रामाकोना गावाजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेभोवतीची ती करवंदी तिनेच लावली होती. लग्नाला वर्ष होत नाही तोच नवरा गेला आणि ती माझ्या बाबांकडे, म्हणजे भावाकडे, कायमची आली. गुरं आत शिरू नयेत म्हणून लावलेलं कुंपण पुरुषभर उंच झालं आणि फाटकाची चाबी बाबांच्या कमरेला गेली. "ढोरांसाठी लावलं व्हतं," आत्या मला सांगायची, "कोंडल्या गेली मीच." हे ती हसत सांगायची, म्हणून जास्तच लागायचं.

तिला नागपूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. सातवी पास होती. दरवर्षी विचारायची, आणि बाबा म्हणायचे, "संत्रा तुटू दे, मंग पाहू." मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. बाबांना आयतंच कारण मिळालं. "आता ते दुसरं राज्य. तिथं तुले कोन घेईन?" घेतील की नाही, हे कोणी जाऊन विचारलं नाही. बागेमागून नागपूरची छोटी रेल्वेगाडी पहिल्यासारखीच जात होती. तिची शिट्टी झाली की आत्याची करवंदीची छाटणी थांबायची. पुन्हा तिने विचारलं मात्र नाही. मला याचा आजही राग येतो, बाबांचा आणि थोडा तिचाही.

पुढे मी मॅट्रिक झाले, नागपूरच्या कॉलेजात जाईन म्हणाले, आणि बाबांनी तेच वाक्य काढलं, "ते दुसरं राज्य. तिथं तुले कोन घेईन?" दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आत्या रुळाच्या बाजूची करवंदी कुऱ्हाडीने तोडत होती. बाबा धावत गेले. "हे काय करून राहिली तू?"

"पोरीले वाट करून राहिली, दादा. मायी तं तू नाही केली."

तिचे दोन्ही हात रक्ताने भरले होते. संध्याकाळी माझी पेटी बाबांनीच बांधली.

निघताना मी म्हटलं, "आत्या, तूही चल."

"या वयात मले कोन घेईन?" ती म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी आत्या वारली, तेव्हा मी बागेत गेले. करवंदी तोडली की दुप्पट फुटते. ते खिंडार कधीच बुजलं असेल असं मला वाटलं होतं. ते तसंच उघडं होतं.

"दरसाल छाटे," बाबा म्हणाले. "कोनाले हात लावू देत नव्हती."

"ती कधीतरी बाहेर गेली का तिथून?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "तिथं उभी राहे. गाडी गेली का वापस ये."