शेपटीतलं झाकण

"आत हाय की. म्या सोता आवळलाय," आप्पा म्हणाले.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

"तुला दिसत न्हाई म्हणून नट पळून गेला व्हय रं?"

कोरेगावजवळच्या एका शेडमध्ये मी विमानाच्या शेपटीखाली उताणा पडलो होतो. परवा कराडच्या धावपट्टीवर या विमानाचं पहिलं उड्डाण ठरलं होतं, आणि ते माझ्या सहीपाशी अडलं होतं.

मी हवाई दलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलं. आता सांगलीत राहतो आणि हौशी लोकांनी घरी बांधलेली विमानं तपासतो. आप्पा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, घरी ऊस आहे. हे दोन सीटचं विमान त्यांनी स्वतः बांधलं. पहिल्यांदा ते उडवणार होती त्यांची मुलगी सुप्रिया. ती पायलट आहे, त्यासाठीच रजा काढून आली होती. माझं काही चुकलं तर किंमत तिनं मोजायची, मी नाही. तिनं चहा आणून दिला की मला तिच्याकडे नीट बघवायचं नाही.

सगळं भांडण साबणाच्या वडीएवढ्या एका मोटरवरून होतं. शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा हलता भाग म्हणजे एलिव्हेटर. त्यानं विमानाचं नाक वर-खाली होतं. नाक सारखं खाली जात असेल तर पायलटला स्टिक, म्हणजे हातातली दांडी, ओढून धरावी लागते आणि हात भरून येतो. म्हणून एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. ती जरा वळवली की वाराच एलिव्हेटर हवा तिथे धरून ठेवतो. टॅब वळवणारी मोटर म्हणजे ट्रिम ॲक्चुएटर. ती बसवायची कुठे, यातच आमचे महिने गेले.

आप्पांनी आधी ती एलिव्हेटरमध्येच बसवली, टॅबला लागून. दिसायला सुबक. पण बिजागरीच्या मागे वजन वाढलं की वेगात एलिव्हेटर फडफडू शकतो, आणि ती फडफड शेपूट तोडते. ते टाळायला बिजागरीच्या पुढे शिसं लावायचं, म्हणजे शेपटीत आणखी वजन.

"उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या की ट्रॅक्टरचं तोंड काय करतं?" मी विचारलं.

"उचलतंय की. लय उचलतंय."

"मग तुम्ही बॉनेटवर माणूस बसवता. हवेत कुणाला बसवणार?"

आप्पांनी मोटर काढली.

मग त्यांनी ती सीटमागे बसवली आणि मोटरसायकलच्या क्लचसारखी लांब केबल टॅबपर्यंत नेली. मी टॅबला बोट लावलं. टॅब हलला, मोटर जागच्या जागी.

"एवढं चालतंय रं गड्या."

"क्लचला चालतं, आप्पा. सैल टॅबही फडफडतो."

उरली एकच जागा. शेपटीच्या सांगाड्यात, आडव्या पंखाच्या खाली, आखूड रॉडनं जोडलेली. तीसुद्धा मोजूनमापून. रॉड बिजागरीच्या रेषेजवळून गेला नाही तर एलिव्हेटर हलवताना टॅब आपोआप ओढला जातो. म्हणजे जागा चार बोटंही सरकवता येत नव्हती. आणि रॉडचा बोल्ट बघायला बाजूच्या पत्र्यात झाकण हवं. उजव्या बाजूला आत रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, केबल होत्या. झाकण डावीकडेच शक्य होतं.

डावीकडे ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'श्री यमाई'. औंधला जाऊन, नारळ फोडून आल्यावर आप्पांनी ते स्वतःच्या हातानं रंगवलं होतं.

"देवीच्या नावाला भोक पाडू? मुडदा पडला तरी न्हाई."

"मुडदा पडू नये म्हणूनच पाडायचंय."

हे मी बोलायला नको होतं. आप्पा शेडबाहेर गेले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला, काम झालं म्हणून. मी येऊन खालच्या फटीतून बघितलं तर मोटर बरोबर जागी, रॉड बरोबर, टॅबही घट्ट. आणि वरून पत्रा रिव्हेट मारून कायमचा बंद. नाव शाबूत. आतल्या बोल्टचा नट लॉक झालाय की नाही, हे फक्त आप्पांना आणि देवीला ठाऊक. तोच नट मी शेपटीखाली पडून शोधत होतो.

"आवं आप्पा," सुप्रिया दारातून म्हणाली, "नाव बाहेरून वाचायला मी तिथं नसणार. मी आत असणार हाय."

आप्पांनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"अर्धं नाव कापायचं न्हाई," शेवटी ते म्हणाले. "कापायचं तर सगळं नाव झाकणावर आलं पायजे. एकसंध."

मला तळहाताएवढं झाकण हवं होतं. नावाभोवतीचं झाकण हातभर लांब होणार. एवढ्या भोकानं पत्रा कमजोर होतो, म्हणून भोवतीनं आतून जाड पट्टी लावायची, हिशेब पुन्हा करायचा. माझं डोकं भणभणलं. तरी वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. मी त्यांना फक्त भोक पाडायला सांगत राहिलो.

दोन दिवसांचं काम वाढलं. सुप्रियानं रजा वाढवून घेतली. आप्पांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि स्वतः पत्रा कापला. मी टॉर्च आत घातला. नट घट्ट होता. त्याची लॉकची पिनही नीट वळवलेली होती.

"बगितलंस?"

"बघितलं."

"हाय का जागेवर?"

"आहे. सही करतो."

"मग आदी का न्हाई केलीस?"

"आधी बघितलं नव्हतं."

आप्पांनी सुप्रियाकडे बघून माझ्याकडे मान झटकली. असा माणूस आपल्याच वाट्याला कसा आला, असा तो झटका होता.

कराडला सुप्रियानं दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत ती आमच्यावरून गेली तेव्हा तिचे दोन्ही हात काचेला टेकलेले दिसले. स्टिक सोडून विमान सरळ चाललं होतं. आप्पा ओरडले, "धर की गं ते!" मी म्हणालो, "एवढ्यासाठीच तर मोटर बसवली." ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ती उतरून जवळ आली तेव्हा ते रुमालानं डोळे पुसत तिला शिव्या देत होते.

आता प्रत्येक उड्डाणाआधी आप्पा ते झाकण उघडतात. चपला काढून, नमस्कार करून, मगच. तळहाताएवढं साधं झाकण असतं तर महिन्याभरानं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, हे मला कबूल केलं पाहिजे. कुठल्याही यंत्राला जागा शोधताना आता मी मोजायची टेप काढण्याआधी एक प्रश्न विचारतो: इथे आधीपासून कोण आहे?