बावड्यातली सभा
उकळत्या काकवीचा वास आला की मला बावडा गावातली ती सभा आठवते. कॉलेजात शिकवणारे अब्बा तोंडी, एकतर्फी तलाकाविरुद्ध बोलत होते. आदल्या दिवशी चौघांबरोबर आमच्या दारात येऊन ‘सभा घेतली तर जित्तं माघारी यायचा न्हाईसा’ म्हणणारा माणूस शेजारच्या गुऱ्हाळाकडून थेट अब्बांकडं चालत आला. त्याचा एक हात सदऱ्यात होता. अम्मीनं माझं मनगट आवळलं. अब्बा बोलतच राहिले. त्यानं हात बाहेर काढला, तर घामानं भिजलेला कागद निघाला. ‘सर, माझ्याच पोरीला पोस्टानं तलाक आलाय. काल त्या चौघांम्होरं बोलाय जमलं न्हाई.’ आज अब्बांचं सभा घेण्याचं काम मी करते, पण कुणी न बोलता जवळ येऊ लागलं की अजून माझी नजर आधी त्याच्या हातांकडं जाते.