अडलेल्या इमारतीची बाई

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला लहानपणापासून ठिणगीच म्हणतात. माझं शिवणाचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाईकसुद्धा आधी माझा चेहरा बघतं आणि मग कापड पुढे करतं. त्यामुळे मी कुणाचं कौतुक करायला बसलेय असं सहसा होत नाही. पण आज वहिनीचं करणार आहे, आणि पोटभर करणार आहे. ज्याला ऐकवणार नसेल त्याने आत्ताच उठावं.

घर पाहावं बांधून, म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याने नक्कीच बिल्डरकडून घर घेतलं नव्हतं. आम्ही घेतलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, मी आणि अण्णांनी मिळून. म्हणजे कागदावर तिसरा मजला. प्रत्यक्षात दुसऱ्यावरच घोडं अडलेलं. आधीचा इंजिनिअर नोकरी सोडून पळालेला, निम्मे कामगार दुसरीकडे गेलेले, सळयांना गंज चढलेला. मीटिंग व्हायची बिल्डरच्या, म्हणजे मालकांच्या, ऑफिसात. आम्ही घर घेणारे टेबल बडवायचो आणि मालक घाम पुसत ‘लवकरच, लवकरच’ म्हणायचे. सगळ्यात मोठा आवाज हरकतकाकांचा. नाव आम्हीच पाडलेलं. चहा गोड झाला तरी हरकत, कमी गोड झाला तरी हरकत. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर.

अशा इमारतीचं काम मालकांनी वहिनीला विचारलं. वहिनी इंजिनिअर, आधी पुलांच्या कामावर होती. दादा म्हणाला, ‘‘डोकं फिरलंय का तुझं? लोक फाडून खातील.’’ ती म्हणाली, ‘‘आपलंही घर त्यातच अडकलंय ना? मग बाहेरून शिव्या घालण्यापेक्षा आत जाऊन खाल्लेल्या बऱ्या.’’

पहिल्याच शनिवारी तिने ऑफिसातल्या खुर्च्या उचलायला लावल्या. हरकतकाका म्हणाले, ‘‘हे काय? आम्ही बसायचं कुठे?’’

‘‘बसायचं नाही, वर चढायचं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘तक्रार मी सगळ्यांची ऐकणार. पण ज्याने त्याने आपापल्या घरात उभं राहून सांगायची.’’

‘‘माझं घर अजून हवेत आहे, बाई!’’

‘‘मग जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहा. तिथून तुमची हवा छान दिसते.’’

मला हसू आवरेना. पण खरी गंमत वर होती. जिथे मजला झाला होता तिथे तिने चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाच्या खोल्या आखल्या होत्या. आणि काय सांगू, खाली घसा फोडणारी माणसं आपल्या रेघांच्या आत गेली की आवाज खाली यायचा. स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून कोण खेकसणार? एक बाई तर ‘हे चालायचं नाही’ म्हणत तावातावाने आत गेल्या आणि ‘इथे ओटा, इथे पाण्याचं पिंप’ करत बसल्या. वहिनी एकेका घरात जायची, ऐकायची, जे होणार नाही ते तोंडावर ‘होणार नाही’ म्हणून सांगायची. तारीख विचारली तर जेवढं ठाऊक तेवढंच. ती गेल्यावर दुखणं तसंच असायचं, पण माणूस शांत झालेला असायचा. मी तोंडात बोट घालून बघत राहायचे. माझ्यासारखीला हे सात जन्मात जमलं नसतं.

नियम तिने एकच घातला होता. नवा स्लॅब भरला की तो घट्ट होईपर्यंत त्याला खालून टेकू असतात, लोखंडी खांबांचं रानच. टेकू उभे आहेत त्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही, जिन्यातूनच बघायचं.

हळूहळू कामगार परत आले, काम वर चढलं. आमच्या हॉलवरचा स्लॅब भरला, म्हणजे हरकतकाकांच्या घराची जमीन झाली. त्या दिवशी ते जिन्यात उभे होते. मुकादमाने मुद्दाम विचारलं, ‘‘काका, काही हरकत?’’ त्यांनी नुसता हात हलवला. आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदललेला माणूस तो.

आणि मग आमच्या अण्णांनी घोळ घातला.

अण्णांना ध्यास आईच्या कपाटाचा. ते कपाट हॉलच्या भिंतीला बसतं की नाही, दार पुरतं उघडतं की नाही, हे त्यांना मापून बघायचं होतं, आणि मध्ये टेकू. दुपारी वहिनी मालकांकडे गेलेली, मुकादम जेवायला बसलेला. अण्णा काठी टेकत वर गेले आणि तिथल्या दोघा सुतारांना म्हणाले, ‘‘एवढे चारपाच जरा बाजूला घ्या रे, माझं झालं की परत लावा.’’ दुसरं कुणी असतं तर त्यांनी हाकललं असतं. पण बाईंचे सासरे! नाही कसं म्हणणार? काढले. अण्णांनी निवांत मापं घेतली. सुतारांनी टेकू परत ठोकले आणि गप्प बसले.

काही दिवसांनी छताला तडा दिसला. स्लॅबने चांगलं पोट काढलं होतं.

वहिनीने साइटवर विचारलं, सुतारांनी खरं सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन ती अण्णांसमोर बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘‘अण्णा, टेकू तुम्ही काढायला लावलेत?’’

अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. ‘‘परत लावले की गं लगेच.’’

तिने त्यांना समजावून सांगितलं. ओला स्लॅब एकदा खाली बसला की बसला, मग खालून सोन्याचे खांब लावले तरी उपयोग नाही. तेवढा भाग फोडून पुन्हा भरावा लागणार, वरचं सगळं काम थांबणार. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा उतरला. माझी तर सटकलीच. मी म्हटलं, ‘‘कपाट! एका कपाटापायी सगळ्यांच्या घरादाराची वाट लावलीत!’’ वहिनी म्हणाली, ‘‘ठिणगीताई, त्यांना जेवू द्या.’’ अण्णा जेवले नाहीत.

मालकांचं म्हणणं वेगळंच. वर प्लास्टर मारा, खाली सजावटीचं छत लावा, कोणाला दिसतंय? ‘‘आणि खाली तर तुमच्याच घरचे राहणार, मॅडम. तक्रार करणारं आहे कोण?’’

‘‘त्या छताखाली माणसं झोपणार आहेत,’’ वहिनी म्हणाली. ‘‘स्लॅब फोडला नाही तर मी शनिवारी सगळ्यांना सांगून काम सोडते.’’ ती काम सोडते म्हणजे इमारत पुन्हा सांगाडा होते, हे मालकांनाही कळत होतं आणि मलाही.

शनिवारी तिने सगळ्यांना एकत्र जिन्यात उभं केलं आणि वर बोट दाखवलं. ‘‘हा तडा. स्लॅब फोडावा लागेल. उशीर होणार, किती ते आज सांगता येत नाही. लोकांना वर यायला परवानगी मी दिली होती, तेव्हा चूक माझी.’’

एकच गलका उडाला. ‘सासऱ्याचं घर आधी करायला निघाली होती, भोगा आता!’ ‘हिला काढा!’ कोणीतरी ओरडलं, ‘‘टेकू काढले कोणी, ते सांगा!’’

वहिनी म्हणाली, ‘‘माझ्या साइटवर जे होतं ते मी केलेलं असतं.’’

मी अण्णांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते. मग त्यांची काठी वर झाली. ‘‘ती खोटं बोलतेय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी काढले. तिचा सासरा म्हणून त्या पोरांना मला अडवता आलं नाही. तिला बोलू नका, मला काय ते बोला.’’

तेवढ्यात पाण्याच्या पिंपाच्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, ‘‘मी पण गवंड्याकडून मोरीची भिंत वीतभर सरकवून घेतली. बाईंना विचारलं नाही.’’ दुसऱ्या मजल्यावरचा शिक्षक म्हणाला, ‘‘माझी खिडकी...’’ आणि त्याने जीभ चावली. एकेक करत निम्म्या लोकांनी काही ना काही कबूल केलं. वहिनी कपाळाला हात लावून ऐकत होती. ‘‘अरे देवा,’’ म्हणाली, ‘‘माझ्या हाताखाली किती मुकादम होते, मला ठाऊकच नाही!’’ लोक हसले. एक हरकतकाका सोडून.

सगळ्यांना ठाऊक होतं, फुटणार ती जमीन त्यांची होती. ते तड्याकडे बघत होते.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही प्लास्टर मारलं असतंत तर मला कळलं असतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग फोडा.’’

मालक मागे उभे होते. एवढी सगळी माणसं एका बाजूला बघून त्यांनीही मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून घणाचे आवाज सुरू झाले. पुढे काय काय झालं ते सांगत बसत नाही. कामगार टिकवणं, सिमेंट मिळवणं, दर शनिवारी लोकांसमोर उभं राहणं, सगळं तिने केलं. रात्री घरी यायची तेव्हा तिला चपला काढायचं त्राण नसायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पायाशी बसून कुणाच्या चपला काढल्या.

नवा स्लॅब घट्ट झाला, तपासणी झाली, टेकू काढायचा दिवस आला. सगळे जिन्यात जमले होते. एकदा खाली बसलेलं छत, पुन्हा भरवसा कसा ठेवणार? सुतारांचेही हात पुढे होईनात. वहिनीने ते बघितलं आणि कोणाला काही न सांगता आत जाऊन हॉलच्या मधोमध उभी राहिली. ‘‘काढा,’’ म्हणाली.

दादा जिन्यात माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझा दंड धरला. पहिला टेकू निघाला. दुसरा निघाला. वहिनी वर बघत उभी. केवढीशी दिसत होती ती त्या खांबांत.

अण्णांनी काठी उचलली आणि आत गेले, तिच्या शेजारी. ‘‘अण्णा, बाहेर व्हा!’’ ती ओरडली. ते हलले नाहीत. मग हरकतकाका गेले. ती म्हणाली, ‘‘अहो, हे काय चाललंय? नियम आहे!’’ ते म्हणाले, ‘‘तुमच्या नियमाला माझी हरकत आहे.’’ पिंपाच्या बाई गेल्या, शिक्षक गेला, दादाने माझा दंड सोडला आणि तो गेला. मुकादम डोक्याला हात लावून शिव्या घालत होता. मी काय जिन्यात उभी राहणार होते? मीही घुसले.

शेवटचा टेकू निघाला तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.