सुनंदाची दोन मिनिटं

काल जुना संगणक बऱ्याच दिवसांनी चालू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्या वासासरशी नव्वदच्या दशकातली इंदापूरकडची शाळा आठवली. तिथे मी नववीला संगणक शिकवत होतो. विद्यार्थी चाळीस, संगणक एक. प्रत्येकाला चार मिनिटं, अशी यादी मी भिंतीला लावली होती.

सुनंदा पहिल्यांदाच स्वतःचं नाव टाइप करत होती. तीन अक्षरं झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला लाईट गेली. लाईट परत आल्यावर मी पुढचा नंबर पुकारला.

सुनंदा उठेना. “सर, शेताच्या पाण्याच्या पाळीत लाईट गेली तर पाळी बुडत न्हाय. राहिलेलं पाणी ज्याची पाळी त्यालाच मिळतंय.”

“हितं काय ऊस भिजवायचाय व्हय गं?” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो.

“यादी म्हणजे यादी. ऊठ,” मी म्हणालो.

संगणकाचा तास आठवड्यातून एकच; तिची पुढची पाळी यायच्या आत वार्षिक परीक्षा लागली. दहावीला संगणकाचा तास नव्हता.

तेव्हा मला माझी शिस्त चोख वाटली होती. आता वाटतं, वाटपाचा नियम तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता. मधल्या सुट्टीत तो संगणक रोज अर्धा तास नुसता बंद असायचा.