धुराचं पाणी आणि दोन वाफे

शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्याच्या वहीत नोंदी कमी आणि किस्से जास्त साठतात. माझी वही तर यंदा एकाच हंगामात भरली!

कोळसा करताना निघणारा धूर थंड केला, की तांबूस पाणी गळतं. बादलीभर साध्या पाण्यात त्याची दोन झाकणं टाकून त्यात बी भिजवलं, तर उगवण चांगली होते. तिसगावच्या पाच जणांना मी कांद्याच्या रोपाचे दोन-दोन वाफे करायला लावले. एकात या पाण्यात भिजवलेलं बी, दुसऱ्यात साधं. बाकी सगळं सारखं. फरक दिसला तर आमची संस्था गावाला अशी कोळशाची भट्टी देणार, नाहीतर ती काष्टी गावाला जाणार. एवढं साधं काम!

या पाण्याचा पहिला कॅन मी पाथर्डीहून जीपने आणला. ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं. "वायर जळतीय कुठंतरी!" शेवटी मी लाजत धुराचा वास मारणारा कॅन दाखवला. तो ओरडला, "मॅडम, आधी सांगायचं ना! मी देवाचं नाव घ्यायला लागल्तो!"

मागच्या सीटवरच्या बाबांनी तेवढ्यात विचारलं, "दाढदुखीवर चालतं का?"

*

बबनरावांनी बी थेट कॅनमधल्या पाण्यातच भिजवलं. पातळ न करता! वाफ्यात एक कोंब नाही.

"अहो, दोन झाकणं सांगितली होती ना?"

"पानी घातलेलं दूध तुमी घेता का मॅडम?"

वर बियाणं बोगस निघालं म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. मी कपाळाला हात लावला.

*

गणेशला म्हटलं, रोज रोपांचा फोटो पाठव. रोज आला. गॉगल लावलेला गणेश, कमरेवर हात, आणि रोपं त्याच्या चपलांखाली!

*

रामदासभाऊंचं रोप मात्र झकास होतं. फक्त 'साधं' ही पाटी जोमदार वाफ्यावर, आणि 'धुराचं' मरतुकड्या वाफ्यावर! माझा जीवच गेला.

"पाट्या बदलल्या मी," ते हळूच म्हणाले. "रस्त्याकडंचा वाफा हाय, लोकांची नजर लागती."

"मग आता खऱ्या जागी लावा."

"तेच तर. तीनदा बदलल्या. आता मलाबी आठवंना."

चौथ्याची रोपं शेळ्यांनी खाल्ली. दोन्ही वाफ्यांतली, अगदी सारखी!

*

उरल्या लक्ष्मीकाकू. शिस्तीच्या बाई. पाट्या जागेवर, पाणी मोजून. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. पुण्याहून आमच्या संस्थेचे साहेब पाहणीला आले, तेव्हा मी त्यांना थेट तिथेच नेलं.

एक वाफा हिरवागार, दाट. शेजारचा बरा, पण त्याच्यापुढे डावा. साहेब खूश झाले. "हा धुराच्या पाण्याचा ना?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "ह्यो साधा."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"काकू," मी रडवेली होऊन विचारलं, "याला वेगळं काही घातलंत का?"

"कायबी न्हाई. सकाळी लेंडीखताचं पानी. दुपारी ऊन लागतं म्हनून जुन्या लुगड्याची सावली."

"आणि त्या दुसऱ्याला?"

"त्याला कशाला?" काकू माझ्यावरच चिडल्या. "त्याला तुमचं औषध हाय. ह्या बिचाऱ्याला कोन हाय?"