शरीफाभाभींनी एकटीने बसवलेला पहिला अल्टरनेटर

पनवेलला जुन्या हायवेलगत अलीभाईंचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान. साखरेच्या आजाराने दोन वर्षांत त्यांची नजर अधू होत गेली, तशी त्यांची बायको शरीफा त्यांच्या हाताखाली उभी राहू लागली. ते सांगायचे, ती वायर सोलून जोडायची. पण नजर पुरती गेली आणि गिऱ्हाईक तुटलं. ड्रायव्हर लांबूनच सलाम करून पुढे जायचे. बाईच्या हाती गाडी द्यायला कुणी धजेना. शरीफा तरी रोज शटर उघडून बसायची.

अडीच महिन्यांनी एका सकाळी मंगळ्याचा ट्रक दारात थांबला. मंगळ्या कातकरीवाडीतला. अर्धं आयुष्य वीटभट्टीवर काढून त्याने हा जुना ट्रक घेतला होता. उलव्याच्या बांधकामांवर विटा पोचवायचा.

"भाभी, अल्टरनेटर जळला, बॅटरी चार्ज होत नाय. जुन्यासारखा मिलत नाय, ह्यो आनलाय तो नवीन तऱ्हेचा हाय. बसंल ना?"

"बसेल. पण यांना आता दिसत नाही, मंगळ्याभाऊ."

"ठाव हाय मला. तुमीच बसवा."

शरीफाने बिस्मिल्ला म्हणून आधी बॅटरीची वायर सोडवली. जुन्या अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बाहेर वेगळ्या डबीत होता, नव्याच्या तो पोटातच. तिने डबी काढून टाकली, जाड वायर बॅटरीकडे नेली, बारीक वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याला जोडली. अलीभाई स्टुलावर कान देऊन बसले होते.

ट्रक सुरू झाला. शरीफाने बॅटरीला मीटर लावला.

"चोवीस व्होल्टच दाखवतोय," तिचा आवाज खाली आला. म्हणजे चार्जिंग शून्य; इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास हवेत.

तिने सगळे जोड पुन्हा तपासले. एकही ढिला नव्हता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. विटांची खेप खोळंबली होती, तरी मंगळ्या म्हणाला, "घाई नाय भाभी. चाय सांगून येतो."

तो गेला तशी ती केबिनमध्ये चढली. इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली. चार्जिंगचा लाल दिवा लागलाच नाही! त्या दिव्यातून थोडा करंट गेल्याशिवाय हा अल्टरनेटर जागा होत नाही, आणि बल्बच उडालेला. तिने बल्ब बदलला. चावी दिली, दिवा लागला. इंजिन सुरू होताच विझला.

"अठ्ठावीस!" मीटर बघून ती ओरडलीच.

"बल्ब ना?" अलीभाई हसले. "मला शंका आली होती. म्हटलं, तुझं तुला सापडू दे."

चहा घेताना तिने मंगळ्याला विचारलं, "दुसरीकडे का नाही गेलात?"

"मी गाडी घेतली तवा समदे हसले, कातकऱ्याला कशाला ट्रक म्हनून. अलीभाय नाय हसले. बोनेट उघडून येकयेक वायर दाखवली मला."

अलीभाईंना हे आठवतसुद्धा नव्हतं.

मंगळ्याने भट्ट्याभट्ट्यांवर सांगितलं. त्याच आठवड्यात आणखी दोन ट्रक आले. आता उरणहूनही गाड्या येतात आणि ड्रायव्हर थेट 'भाभी' म्हणून हाक मारतात. दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर शरीफा दुआ मागते, तेव्हा घरच्यांच्या नावांत मंगळ्याचंही नाव घेते. एकदा तिने त्याला तसं सांगितलं, तर तो लाजून टायरची हवा बघायला निघून गेला.